चवीला पैसे मोजतो, धोक्याला का नाही?

देगलूर तालुक्याच्या जमिनीखाली पृथ्वीच्या इतिहासातले दोन फार दूरचे काळ एकमेकांना भिडतात. एक आहे काळा पाषाण, म्हणजे बसाल्ट. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी वाहिलेल्या लाव्ह्याचे हे थर सह्याद्रीपासून बहुतांश महाराष्ट्र झाकत येतात आणि नांदेड जिल्ह्याच्या पूर्व टोकाला पातळ होत होत संपतात. त्यांच्या खालून मग दुसरा, कितीतरी म्हातारा खडक डोकं वर काढतो: ग्रॅनाइट आणि त्याचा भाऊबंद नाइस. त्यांचं वय दोनशे कोटी वर्षांच्याही पलीकडचं. देगलूर, बिलोली, किनवट या पट्ट्यात हे दोन्ही खडक भेटतात. तेलंगणाच्या बाजूला निघालं की काळ्या मातीचा गडद रंग फिका पडू लागतो आणि गोलसर दगडांच्या टेकड्या दिसू लागतात, ती याच भेटीची खूण.

पाऊस या दोन्ही खडकांवर सारखाच पडतो, पण मुरताना दोघांकडून वेगवेगळं घेऊन जातो. बसाल्टच्या फटींतून झिरपताना पाण्याला कॅल्शियम आणि मॅग्नेशियम मिळतं. ग्रॅनाइटमध्ये बायोटाइट, अपेटाइट, फ्लोराइट अशी खनिजं असतात आणि त्यांच्यातून फारच थोड्या मात्रेत एक वेगळा पदार्थ पाण्यात उतरतो: फ्लोराइड. म्हणून इथे एकाच शिवारातल्या दोन बोअरचं पाणी दोन चवींचं निघू शकतं. हाकेच्या अंतरावर एक गोड, एक मचूळ. जमिनीखाली कुठल्या फटीतून, किती वर्षं ते पाणी फिरलं, त्यावर सगळं ठरतं.

हे पाणी चांगलं की वाईट, हे ओळखायची प्रयोगशाळा मराठवाड्यातल्या घराघरात आहे. ती म्हणजे तुरीची डाळ. 'या बोअरच्या पाण्यात डाळच शिजत नाही' हे वाक्य इकडे पाण्याबद्दलचा अंतिम निकाल म्हणून बोललं जातं, आणि त्यामागचं रसायनशास्त्र अगदी पक्कं आहे. डाळीच्या पेशींना एकमेकींशी धरून ठेवणारं पेक्टिन पाण्यातल्या कॅल्शियमशी जोडलं जातं आणि विरघळायचं नाव घेत नाही. चुलीवर तासभर ठेवा, दाणा टचटचीत राहतो. त्याच पाण्यात साबणाला फेस येत नाही, हंड्याच्या आत पांढरा थर बसतो. हातात उपकरण नसताना पिढ्यान्‌पिढ्या बायकांनी पाण्याचा जडपणा असा मोजला आहे.

आता यातली थक्क करणारी गोष्ट. पाण्यात कॅल्शियम भरपूर असेल, तर ते फ्लोराइडला पकडून खाली बसवतं. त्यामुळे जास्त फ्लोराइडचं भूजल बहुधा कमी कॅल्शियमचं, मऊ आणि थोडं सोड्याच्या गुणाचं असतं. सोड्याच्या गुणाच्या पाण्यात डाळ कशी शिजते, हे कुठल्याही गृहिणीला विचारा: झटकन. म्हणजे ज्या जड पाण्याला आपण नाकं मुरडतो ते पुष्कळदा फक्त बेचव असतं, आणि ज्या बोअरची तारीफ होते त्यात फ्लोराइड लपलेलं असण्याची शक्यता अधिक. प्रत्येक बोअरला हा नियम लागू पडत नाही. तरी एवढं खरं की डाळीची कसोटी जडपणाची आहे. फ्लोराइडबद्दल आणि जंतूंबद्दल ती काहीच सांगत नाही.

जीभ, डोळे, नाक आणि डाळ या चार साक्षीदारांच्या भरवशावर आपण पाण्यासाठी पैसे मोजायचे की नाही हे ठरवतो. आणि या चौघांनाही खरा धोका दिसत नाही.

हिशेब करून पाहू

लोक पाण्यासाठी पैसे द्यायला तयार नसतात, असं सरकारी बैठकांतून नेहमी ऐकू येतं. पण देगलूरसारख्या कुठल्याही तालुक्याच्या गावी सकाळी रस्त्यावर उभं राहिलं की वेगळंच दिसतं. वीस लिटरचे जार भरलेले छोटे टेम्पो गल्लीगल्लीतून फिरत असतात. लग्नाचा मांडव, दवाखाना, चहाची टपरी, कापडाचं दुकान, सगळीकडे जार उतरतो. 'फिल्टरचं पाणी' ही आता पाहुण्याची विचारपूस करण्याची रीत झाली आहे.

जारचा दर गावागणिक आणि हंगामागणिक बदलतो. हिशेबापुरता वीस रुपये धरू. रोज एक जार म्हटला तर वर्षाला 7,300 रुपये झाले. एक लिटर एक रुपयाला पडला. दुसऱ्या बाजूला नळ. जलजीवन मिशनच्या निकषाप्रमाणे माणशी रोज 55 लिटर पाणी मिळालं, तर पाच माणसांच्या घराला वर्षभरात एक लाख लिटर येतं. पाणीपट्टी वर्षाला बाराशे रुपये धरली, तर हे पाणी लिटरला सव्वा पैशाच्या आसपास पडतं. जारचं पाणी नळापेक्षा ऐंशी पट महाग झालं. आणि तरीही जारवाल्याने पाच रुपये वाढवले तर दोन दिवस कुरकुर होते आणि विषय संपतो. पाणीपट्टीत वर्षाला दोनशे रुपयांची वाढ सुचवली तर ग्रामसभा तापते.

पैसे आहेत, द्यायची तयारीही आहे. मग ती तयारी जारपाशी का दिसते आणि नळापाशी का आटते? हे कोडं फक्त आपलं नाही. जगभरच्या अर्थशास्त्रज्ञांनी त्यावर वर्षानुवर्षं डोकं घातलं आहे, आणि त्यांची उत्तरं आपल्या गल्लीत चपखल बसतात.

1961 साली डॅनियल एल्सबर्ग या अमेरिकी अभ्यासकाने एक साधा प्रश्न विचारला. एका भांड्यात पन्नास लाल आणि पन्नास काळ्या गोट्या आहेत. दुसऱ्या भांड्यातही शंभर गोट्या आहेत, पण लाल किती आणि काळ्या किती हे ठाऊक नाही. लाल गोटी निघाली तर बक्षीस. तुम्ही कुठल्या भांड्यात हात घालाल? बहुतेक लोक पहिलं भांडं निवडतात. त्यात जिंकण्याची शक्यता जास्त आहे, असं म्हणायला काही आधार नसतो. पण तिथे किती पाण्यात आहोत हे निदान कळतं, आणि माणसाला तेवढं पुरतं. माहीत असलेला धोका आपण पत्करतो, अंदाज न येणाऱ्या धोक्यापासून लांब पळतो.

नळ हे आपल्यासाठी दुसरं भांडं आहे. देगलूर शहराला करडखेड प्रकल्पाचं पाणी येतं. कुठल्याही धरणाचं पाणी जानेवारीत वेगळं असतं, पहिल्या पुरानंतर वेगळं, मे महिन्यात तळाशी गेल्यावर आणखी वेगळं. कधी गढूळ, कधी औषधाचा वास, कधी चार दिवसांनी. जारचं पाणी मात्र बारा महिने एकाच चवीचं, थंडगार. आपण जारमध्ये हा सारखेपणा विकत घेतो आणि त्यालाच सुरक्षितता समजतो.

दुसरं कारण अधिक सरळ आहे. जारचे वीस रुपये दिले की जार आपल्या दारात येतो. पाणीपट्टी भरली तरी शेजाऱ्याने थकवली असेल, पाइप फुटला असेल, विजेचं बिल थकलं असेल, तर आपल्या नळाला पाणी येईलच असं नाही. 2003 नंतर जलस्वराज्य प्रकल्पात गावांकडून खर्चाच्या दहा टक्के लोकवर्गणी घेतली गेली, आदिवासी गावांकडून पाच टक्के. जलजीवन मिशननेही गावातल्या कामांसाठी जवळपास तोच नियम ठेवला. आधी वर्गणी मग पाणी, ही कल्पना चांगली आहे. माणूस स्वतःचा पैसा घातलेली वस्तू जपतो. पण ज्या गावाने एकदा वर्गणी दिली आणि टाकी कोरडीच पाहिली, त्या गावाचा दुसऱ्यांदा हात आखडतो यात नवल कसलं? लोकांचा हा हिशेब चुकीचा म्हणता येत नाही.

उद्याचा आजार आणि वीस वर्षांनंतरचा

पाण्यातल्या धोक्याचे दोन वेग असतात. जून 2024 मध्ये नायगाव तालुक्यातल्या मुगाव तांड्यावर विहिरीच्या दूषित पाण्याने नव्वदहून अधिक माणसं आजारी पडली. उलट्या, जुलाब. अशा वेळी दोन दिवसांत विहिरीवर बोट ठेवता येतं, ती बंद करता येते, डॉक्टरांचं पथक येतं. कारण आणि परिणाम शेजारी शेजारी असतात.

फ्लोराइडचा वेग निराळा. भारतीय मानक आयएस 10500 प्रमाणे पिण्याच्या पाण्यात लिटरला 1 मिलिग्रॅमपर्यंत फ्लोराइड चालतं, आणि दुसरा स्रोतच नसेल तर दीड मिलिग्रॅमपर्यंत. दीड मिलिग्रॅम म्हणजे दहा हजार लिटरच्या टँकरमध्ये पंधरा ग्रॅम. एवढ्याशा मात्रेला रंग नाही, वास नाही, चव नाही. उकळलं तर वाफ जाते आणि फ्लोराइड उलट दाट होतं. दुधाच्या दातांखाली कायमचे दात आतल्या आत घडत असतात, त्या सातआठ वर्षांच्या आतल्या वयात असं पाणी पोटात गेलं की पुढे येणाऱ्या दातांवर पांढरे, पिवळे, तपकिरी पट्टे उमटतात. ते पुढे पुसले जात नाहीत. याहून बरंच जास्त फ्लोराइड वर्षानुवर्षं जात राहिलं तर हाडं आणि सांधे आखडतात, मान वळत नाही, पाठ वाकते. किनवट तालुक्यातल्या अनेक गावांनी हे भोगलं आहे. 1948 पर्यंत देगलूर आणि आज तेलंगणात असलेला नळगोंडा एकाच निजामी राज्यात होते. त्या नळगोंड्याचं नाव तर फ्लोराइड काढण्याच्या पद्धतीलाच मिळालं. तुरटी आणि चुन्याने फ्लोराइड खाली बसवण्याची ही 'नळगोंडा पद्धत' नागपूरच्या नीरी संस्थेने विकसित केली.

आता फ्लोराइडच्या गावातल्या एखाद्या आईच्या जागी उभं राहून विचार करा. पाणी गोड आहे. डाळ शिजते. सासू हेच पाणी पिऊन सत्तरीला आली. कुणीतरी सांगतं की या पाण्याने तुझ्या मुलाचे दात कदाचित पाच वर्षांनी डागाळतील आणि हाडांना कदाचित वीस वर्षांनी त्रास होईल. त्यासाठी आजपासून रोज पैसे घाल, नाहीतर अर्धा किलोमीटर लांबून पाणी आण. दोन 'कदाचित' एका पारड्यात आणि रोजची पायपीट दुसऱ्या पारड्यात. ती काय निवडेल हे उघड आहे, आणि तिला अडाणी म्हणण्याचा कुणालाही अधिकार नाही.

मराठवाड्यात तर या सगळ्याच्या आधी आणखी एक प्रश्न उभा असतो: पाणी आहे का? 2016 च्या उन्हाळ्यात लातूर शहरात पाण्याच्या टाक्यांभोवती गर्दी आणि भांडणं होऊ नयेत म्हणून जमावबंदी लावावी लागली. 12 एप्रिलला मिरजेहून पहिली पाण्याची रेल्वे आली, सुमारे साडेतीनशे किलोमीटर अंतर तोडून, दहा वाघिणींत पाच लाख लिटर पाणी घेऊन. तेलाच्या वाघिणी राजस्थानात कोट्याला वाफेने धुऊन आणल्या होत्या. ज्या मांजरा नदीवरचं धरण लातूरला दगा देऊन बसलं होतं, तीच नदी पुढे कर्नाटक, तेलंगणा असा वळसा घेऊन देगलूर-बिलोलीच्या सीमेवर पुन्हा महाराष्ट्राला येऊन मिळते. ज्या माणसाने घागरभर पाण्यासाठी रात्र जागून काढली आहे, त्याला त्या पाण्यात मिलिग्रॅम किती हे विचारण्याची उसंत नसते. शुद्धतेचा प्रश्न पुरेशा पाण्यानंतरच सुरू होतो.

धोका डोळ्यांसमोर आला की

मग लोकांना धोका दिसू लागला तर काय होतं? याचं उत्तर प्रयोगांनी दिलं आहे, आणि ते फार आशा देणारं आहे.

ज्योत्स्ना जालान आणि ई. सोमनाथन या अर्थशास्त्रज्ञांनी गुडगावमध्ये असा प्रयोग केला. काही घरांच्या पिण्याच्या पाण्याची तपासणी करून त्यांना फक्त निकाल सांगितला: तुमच्या पाण्यात विष्ठेतून आलेला दूषितपणा असण्याची शक्यता आहे. फिल्टर वाटले नाहीत, पैसे दिले नाहीत. पूर्वी पाणी शुद्ध न करणाऱ्या ज्या घरांना हा निकाल कळला, त्यांच्यात आठ आठवड्यांच्या आत उकळणं, गाळणं किंवा फिल्टर सुरू करणाऱ्यांचं प्रमाण न कळलेल्या घरांपेक्षा 11 टक्केबिंदूंनी वाढलं. 2008 साली हा अभ्यास प्रसिद्ध झाला. एका वाक्याने घरोघरचा खर्च बदलला.

बांगलादेशातल्या अराईहजार भागात तर याहून मोठी गोष्ट घडली. तिथे हजारो लोक आर्सेनिक असलेल्या हातपंपांचं पाणी पीत होते. आर्सेनिकही फ्लोराइडसारखंच: ना चव, ना वास, ना रंग. संशोधकांनी एकेक पंप तपासला आणि लोकांना सांगितलं, हा पंप धोक्याचा, तो सुरक्षित. धोक्याच्या पंपाचं पाणी पिणाऱ्या घरांपैकी जवळपास साठ टक्के घरांनी वर्षभरात पंप बदलला. त्यासाठी बायका रोज जास्त चालू लागल्या, दुसऱ्याच्या अंगणात पाणी मागायला जाऊ लागल्या. त्यांनी रुपयांऐवजी पावलांनी किंमत मोजली.

केनियाच्या ग्रामीण भागात अर्थशास्त्रज्ञ मायकेल क्रेमर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हीच पावलांची किंमत मोजून पाहिली. उघडे झरे सिमेंटने बांधून बंदिस्त केले, तेव्हा पाण्यातली घाण दोनतृतीयांश कमी झाली आणि मुलांचे जुलाब चौथ्या हिश्श्याने. आता लोक त्या सुरक्षित झऱ्यापर्यंत किती जास्त चालायला तयार आहेत, यावरून त्या पाण्याची त्यांच्या लेखी किंमत काढली. ती निघाली घरटी वर्षाला सुमारे तीन डॉलर. तोंडाने विचारलं तेव्हा लोकांनी दोनतीन पट जास्त आकडा सांगितला होता. यात खोटेपणा नव्हता. आपण सगळेच आरोग्याबद्दल बोलतो एक आणि दमल्यावर करतो दुसरं. पण याच मंडळींनी पुढे झऱ्याशेजारीच क्लोरिनचं एक यंत्र बसवलं: घागर भरायची, खटका दाबायचा, फुकट. दुकानात बाटली विकत घेणारे दहातले एकदेखील नव्हते, तिथे दहातल्या सहा घरांच्या पाण्यात क्लोरिन आढळू लागलं.

या तीन प्रयोगांतून एक गोष्ट स्वच्छ निघते. लोकांची तयारी हा ठरलेला आकडा नसतो. धोका कुणाच्या घरचा आहे हे कळलं की ती वाढते, उपाय पाण्याच्या जागेवरच मिळाला की वाढते, आणि दुसरा मार्ग हाताशी असला की आणखी वाढते.

आपल्याकडची लाल आणि हिरवी कार्डं

महाराष्ट्रानेही हे तत्त्व आपल्या पद्धतीने ओळखलं आहे. पावसाळ्याच्या आधी आणि नंतर प्रत्येक ग्रामपंचायतीच्या पाण्याच्या स्रोतांची पाहणी होते. विहिरीला कठडा आहे का, पाइप गटारातून गेला आहे का, टीसीएल म्हणजे ब्लिचिंग पावडर कोरड्या जागी ठेवली आहे का, अशा प्रश्नांवर गुण पडतात आणि पंचायतीला लाल, पिवळं किंवा हिरवं कार्ड मिळतं. सलग पाच वर्षं हिरवं टिकवलं आणि साथ आली नाही, तर चंदेरी कार्ड. बांगलादेशातल्या पंपाबद्दलच्या निकालासारखाच हा निकाल आहे. फरक एकच: आपलं कार्ड कार्यालयाच्या भिंतीवर राहतं, हापशावर पाणी भरणाऱ्या बाईपर्यंत पोचत नाही.

पोचवण्याची साधनं तर अद्भुत म्हणावी इतकी सोपी आहेत. ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाकडे ओटी टेस्टची छोटी बाटली असते. काचेच्या नळीत नळाचं पाणी घ्यायचं, त्यात ऑर्थोटोलिडीनचे दोनचार थेंब टाकायचे. पाण्यात क्लोरिन शिल्लक असेल तर पाणी डोळ्यांदेखत पिवळं होतं. पिवळं झालंच नाही, तर टाकीत पावडर पडली नाही किंवा वाटेत कुठेतरी घाण मिसळून क्लोरिन खर्ची पडलं, हे शेवटच्या गल्लीतल्या पोरालाही कळतं.

दुसरी आहे एच-टू-एसची बाटली. ग्वाल्हेरच्या संरक्षण संशोधन प्रयोगशाळेतल्या के. एस. मांजा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1982 मध्ये ही चाचणी जगापुढे मांडली. आतड्यात वाढणाऱ्या जंतूंबरोबर हायड्रोजन सल्फाइड तयार करणारे जंतू जवळजवळ नेहमीच असतात, हे त्यांनी हेरलं. छोट्या बाटलीत औषध लावलेला कागद असतो. खुणेपर्यंत पाणी भरायचं, झाकण लावायचं आणि घराच्या कोपऱ्यात एकदोन दिवस ठेवून द्यायचं. पाण्याला विष्ठेचा संसर्ग असेल तर ते काळंकुट्ट होतं. ना वीज लागते, ना सूक्ष्मदर्शक. काल स्वच्छ, नितळ दिसणारं पाणी आज शाईसारखं काळं झालेलं ज्याने पाहिलं, त्याला पुढे भाषण द्यावं लागत नाही. फ्लोराइडच्या संचातही असंच आहे. औषध टाकल्यावर रंग गुलाबीकडून पिवळ्याकडे सरकू लागला की फ्लोराइड वाढलं समजायचं. जलजीवन मिशनखाली प्रत्येक गावातल्या पाच महिलांना हे संच वापरायला शिकवण्याची तरतूद आहे. डाळीवरून जडपणा ओळखणाऱ्या हातांना आणखी तीन रंग ओळखायला शिकवायचे, एवढंच हे काम.

आणि शुद्धीकरणाचा खर्च पाहिला तर विश्वास बसत नाही. हजार लिटर पाण्याला चांगली ब्लिचिंग पावडर लागते अडीच ते पाच ग्रॅम, म्हणजे फार तर एक चमचा. तासभर थांबायचं. नळाच्या शेवटच्या टोकाला लिटरमागे 0.2 मिलिग्रॅम क्लोरिन शिल्लक राहिलं की पुरे. पुढे हंड्यात, रांजणात, ओगराळं बुडवताना जे जंतू शिरतील त्यांनाही तो शिल्लक क्लोरिन आवर घालतो. जगभरच्या पाणी शुद्धीकरणाच्या प्रयोगांचा एकत्र हिशेब मांडला गेला, तेव्हा पाच वर्षांखालच्या मुलांचे मृत्यू साधारण चौथ्या हिश्श्याने घटल्याचं दिसलं. चमचाभर पावडर आणि एवढं मोठं फळ, असं उदाहरण सार्वजनिक आरोग्यात क्वचितच सापडतं.

जार खरंच काय देतो?

जारच्या मागचं विज्ञानही मोठं आहे. 1960 च्या सुमारास कॅलिफोर्नियात सिडनी लोब आणि आपले श्रीनिवास सौरिराजन यांनी असा पडदा तयार केला की दाब दिल्यावर पाण्याचे रेणू पलीकडे जातात आणि क्षार अलीकडे अडतात. आरओ म्हणतात तो हाच. हा पडदा फ्लोराइडही बहुतांश अडवतो. म्हणून ज्या गावाच्या पाण्यात फ्लोराइड आहे आणि दुसरा स्रोत नाही, तिथे नीट चालवलेलं आरओ केंद्र खरोखर उपयोगाचं आहे.

पण सगळीकडे ते लागतंच असं नाही. क्षार लिटरला 500 मिलिग्रॅमपेक्षा कमी असलेल्या पाण्याला आरओची गरज नाही, असं राष्ट्रीय हरित लवादाने 2019 मध्ये म्हटलं. या यंत्रातून निघणारं बरंचसं पाणी वाया जातं, आणि मराठवाड्यात ते परवडणारं नाही. शिवाय पडद्यातून बाहेर आलेल्या पाण्यात क्लोरिन उरत नाही. पुढे जार नीट धुतला नसेल, टाकी उघडी असेल, तर जंतूंना कुणी अडवत नाही. सीलबंद बाटलीला आयएस 14543 हे मानक आहे. उघड्या जारवर तसा शिक्का नसतो.

याचा धडा पुण्याने 2025 च्या सुरुवातीला घेतला. सिंहगड रस्त्यावरच्या नांदेडगाव, किरकटवाडी, धायरी या भागांत गुइलेन-बॅरे सिंड्रोम या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण एकाएकी वाढले. रुग्णांच्या नमुन्यांत कँपिलोबॅक्टर जेजुनी हा दूषित पाण्यातून आणि अन्नातून येणारा जंतू सापडला. घाबरलेली माणसं नळ सोडून जारकडे वळली असती तर त्यात गैर काही नव्हतं. पण महापालिकेने त्या भागातली खासगी शुद्धीकरण केंद्रं तपासली, तेव्हा अनेक ठिकाणचं पाणी पिण्यालायक निघालं नाही आणि सुमारे तीस केंद्रं बंद करावी लागली. ज्या भांड्यातल्या गोट्या आपण मोजून घेतल्या असं समजत होतो, तेही भांडं न मोजलेलंच निघालं.

म्हणून सुरक्षित पाण्याला पैसे कोणी द्यावेत, या प्रश्नाचं माझं उत्तर स्पष्ट आहे. जंतू मारण्याचा खर्च सगळ्यांनी मिळून, टाकीवरच करावा. तो इतका थोडा आहे आणि त्याचा लाभ इतका मोठा आहे की तो एकेका घराच्या ऐपतीवर सोडणं हा अन्याय आहे. तपासणी शासनाने करावी आणि निकाल ज्या हापशाचा, ज्या नळाचा आहे त्याच्यावरच रंगवावा. फ्लोराइडच्या गावाला धरणाचं पाणी किंवा देखरेखीखालचं केंद्र द्यावं. एवढं झाल्यावर लोकांकडे वाजवी पाणीपट्टी मागावी. निकाल डोळ्यांसमोर असेल आणि नळाला पाणी असेल, तर ती मिळेल. जारसाठी वर्षाला हजारो रुपये मोजणाऱ्या माणसांनी आपली तयारी केव्हाच दाखवून दिली आहे.

वाचकांना एवढंच सांगणं आहे. तुम्ही पिता त्या पाण्याची रासायनिक तपासणी वर्षातून एकदा आणि जंतूंची तपासणी पावसाळ्याच्या आधी व नंतर अशी दोनदा व्हायला हवी. येत्या ग्रामसभेत किंवा नगरपरिषदेत त्याचा कागद मागा. त्यावर फ्लोराइड, नायट्रेट आणि जंतू हे तीन रकाने वाचा. जारवाल्याकडेही तोच कागद मागा. जिल्ह्यातल्या आणि उपविभागातल्या पाणी प्रयोगशाळा अल्प शुल्कात सामान्य माणसाचा नमुनाही तपासतात. पाण्यावर पुढचा रुपया खर्च करण्याआधी पहिला रुपया तिथे घाला.